तिसरी हाक

मी चिटगुप्प्यात मास्तर आहे. शाळा सुटल्यावर आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना वाकळा टांगतो आणि फोनवर गोष्टी रेकॉर्ड करतो. पुण्या-हैदराबादला कामाला गेलेली आपल्याकडची माणसं त्या कानाला लावून ऐकतात. गोष्टी चमत्कारिक असतात. विहिरीत पडलेला आवाज वर्षानं वर येतो, तशा.

आमच्याकडं रानात हाक आली तर पहिल्या दोन हाकांना कुणी ओ देत नाही. गेलेलं माणूस दोनदाच हाक मारू शकतं, तिसरी हाक जिवंत माणसाचीच असते. माझ्या एका गोष्टीत गेलेली माणसं तिसरी हाक मारायला शिकतात. तिच्यासाठी मला बाईचा आवाज हवा होता. चिंताकीला माझी थोरली चुलत बहीण, अक्का, एकटी राहते. तिची हाक तुरीची तीन रानं ओलांडून जायची.

दुपारी वारा पडल्यावर अक्कानं बांधावर उभं राहून दोन हाका मारल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"अजून एक, अक्का."

"न्हाई. मेलेल्याची म्हणून तिसरी मी मारणार न्हाई. ती जित्या माणसाची हाय."

"गोष्टच हाय की ती."

"मग तुझ्या बायकोला मारायला सांग हाक. तिची तर हितपतूर ऐकू येती."

मी हसलो आणि फोन खिशात घातला. घरी येऊन अक्काचीच पहिली हाक उचलली, जराशी लांबवली आणि तिसऱ्या जागी चिकटवली. दोन मिनिटांचं काम. तिला विचारलं नाही.

गोष्ट चिंताकीतही पोचली. शेजारीण तिला म्हणाली, "अक्का, गेलेल्यास्नी तिसरी शिकवलीस व्हय? आता आमी ओ कुणाला द्यावं?" थट्टाच ती. पण अक्काचा मला फोन आला. मी शिक्षकांच्या खोलीत होतो, आजूबाजूला माणसं होती.

"खरं सांग, मी तिसरी मारली व्हती का? मला तर दोनच आठवत्यात."

लाज वाटली आणि मी म्हणालो, "मारलीस की, अक्का. इसरलीस."

 ती म्हणाली, "इसरले आसंल."

कोणती म्हैस कुठल्या साली व्याली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, हे सगळं गाव अक्काला विचारायचं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती बोलता बोलता मध्येच थांबायची, "व्हतं का न्हाई, कुणाला ठावं," म्हणायची. माझ्यासमोर ताट असताना मी जेवलो का म्हणून तिनं विचारलं. शेजारीण मला बाहेर घेऊन गेली. "कुलूप लावून चारदा माघारी येती. सैपाकात मीठ घातलं का म्हणून मला इचारती. कामून आसं झालं रे हिला?"

उदगीरचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय. असेलही. माझ्या गोष्टीशिवायही हे आलंच असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ज्या दिवशी तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला, तो दिवस मला माहीत आहे.

मी गोष्ट काढून टाकली. लोकांच्या फोनांतून ती निघत नाही. मग गेल्या महिन्यात चिंताकीला जाऊन तिच्यासमोर बसलो आणि हाका वाजवल्या.

"ऐक, अक्का. ही पहिली. ही तिसरी. एकच हाय. मी चिकटवली. तू दोनच मारल्यास, आन् मी तुला खोटं सांगितलं."

तिनं शाळेतल्या पोरीसारखं मन लावून ऐकलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. तिला राग यावा असं मला फार वाटत होतं.

"तवा तू म्हणलास मारली, तर मारली," ती म्हणाली. "आता म्हणायलास न्हाई, तर न्हाई."

"माझं नको ऐकू, अक्का. तुला काय आठवतंय?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "काय म्हणू मी? तूच सांग की."