आत्या आणि काकू एका गाडीत

बी.कॉम. झाल्यावर बाबांनी अट घातली, एमबीएची प्रवेश परीक्षा एकदाच द्यायची. सीट मिळाली तर शीक, नाहीतर ठाण्याचं स्थळ. ते स्थळ बँकेत नोकरीला होतं आणि माझा फोटो त्याच्याकडे आधीच पोचला होता. त्यामुळे डोंबिवलीहून ठाण्याच्या क्लासला मी जायचे ती जिवावर उदार होऊन.

तिथे माझं घोडं अडलं ते गटांच्या कोड्यांपाशी. सात माणसं, दोन गाड्या. सी असेल त्या गाडीत डी हवाच. का, ते कोणी सांगत नाही. ज्याला ना चेहरा ना स्वभाव, अशा माणसाचं मला काही लक्षातच राहीना.

शेवटी वैतागून मी त्यांच्या जागी आमचे नातेवाईक बसवले आणि सुसाट सुटले. सी म्हणजे आजोबा, डी म्हणजे आजी. आजोबा जातील तिथे आजी हवीच, कारण त्यांच्या गोळ्या तिच्या पिशवीत. आजी मात्र त्यांना घरी ठेवून खुशाल भजनाला जाते, म्हणून उलटं खरं नाही. या उलट्यापाशी वर्गातले भले भले आपटायचे. सर विचारायचे, "एवढं पटकन कसं गं जमतं तुला?"

"प्रॅक्टिस, सर."

ए आत्या आणि बी काकू, हेही पक्कं होतं. काकूच्या मुलाच्या बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती हौसेनं नाव शोधून आली, तर काकूनं पाळण्यामागे थर्माकोलच्या अक्षरांत दुसरंच नाव लावून ठेवलेलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

परीक्षेत सगळं छान चाललं होतं. शेवटच्या कोड्याचं माझं उत्तर मात्र चारही पर्यायांत नव्हतं. पुन्हा सोडवलं, पुन्हा तेच. डोळ्यांसमोर ठाण्याचं स्थळ दिसायला लागलं. मग ट्यूब पेटली. ए आणि बी एकत्र बसणार नाहीत असं पेपरात कुठेच लिहिलं नव्हतं. ते भांडण मी घरून आणलं होतं! दोघींची मनातल्या मनात माफी मागून मी त्यांना एका गाडीत कोंबलं. उत्तर समोर हजर.

सीट मिळाली. बाळकुमला आजी-आजोबांच्या पाया पडायला सगळे निघालो. हिंमत वाढली होती. ठाणे स्टेशनबाहेर मी आई, बाबा आणि काकांना पहिल्या रिक्षात बसवून दिलं. दुसरीत आत्या, काकू आणि मध्ये मी.

निम्मा रस्ता चिडीचूप. मग आत्या माझ्या डोक्यावरून म्हणाली, "अजून दोन वर्षं शिकून काय करणारे ही? चांगलं स्थळ घालवतेय हातचं."

"तेच म्हणते मी, वन्सं!" काकू उसळली. "भावोजींना सांगू या का, आजच फोन करा म्हणून?"

इतक्या वर्षांनी एकमत झालं, ते माझ्याच मुळावर. असा संताप आला! फी कालच भरून झाली आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण बारशानंतर काकूच्या तोंडून 'वन्सं' कोणी ऐकलं नव्हतं. मी गप्प बसले. बाळकुम येईपर्यंत दोघींनी माझं लग्न ठरवलं, रुखवत आपसात वाटून घेतलं, शालूच्या रंगावरून थोड्या भांडल्यासुद्धा.

फीचं मी आजीच्या दारात चपला काढल्यावर सांगितलं.