व्याह्यांना दाखवलेला धबधबा

आमच्या खानदेशात पाण्याची बढाई मारायची संधी फारशी मिळत नाही. त्यामुळेच असेल, लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी फोनवर सांगून बसलो, "तुम्ही जामनेरला या तर खरं, आमचा धबधबा दाखवतो!" 'आमचा' म्हणजे काय, तर पहूरच्या पलीकडे डोंगरात एक कडा आहे. तिथे सहसा कुणी जात नाही आणि मीही एकदाच गेलो होतो, ऐन श्रावणात. फोन केला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. हे माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं होतं. पण मला सांगून उपयोग नसतो, असं तिचं म्हणणं.

व्याही धुळ्याकडचे, सोनगीरजवळच्या खेड्यातले. विहीणबाई दोनेक वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून घरात बाप आणि मुलगा दोघंच. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, मग बैठकीत आम्ही मोठ्यांनी मान डोलावली. पण त्या बैठकीपासून व्याही आमच्या लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. रागाचा नाही की लोभाचा नाही. जावई म्हणे, "आबा असेच आहेत." तेवढ्याने लेकीचं समाधान होईना. ते यायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, मी त्यांना नकोय का, एवढंच मला कळू दे. त्या घरात जायचंय मला."

"उद्या बघ, कसं बोलतं करतो त्यांना!"

"तुम्हीच बोलत बसू नका म्हणजे झालं," स्वयंपाकघरातून बायको.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून आम्ही पाचजण निघालो. कळण्याच्या भाकरी, भरीत आणि ठेच्याची पिशवी माझ्या खांद्यावर, कारण मुलाकडच्यांनी ओझं उचलायचं नसतं. मी बोलायला लागलो. कपाशीवर बोललो, केळीवर बोललो, माझ्या गुडघ्यावर बोललो. व्याही प्रत्येकाला "हं" म्हणाले.

शेतात कापूस वेचणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुठे चालले, भाऊ?"

"धबधब्याला!"

तिने शेजारणीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "जा, जा. असंन थोडाफार."

पुढे चढ लागला. माझा श्वास फुलला. व्याह्यांचाही फुललेला दिसत होता. पण मुलीचा बाप "थकलो" म्हणू शकत नाही आणि मुलाचा बाप "पुरे करा" म्हणू शकत नाही. कडा आडवा आला नसता तर मानापानात आम्ही दोघं अजिंठ्याला पोचलो असतो.

पण कडा आला. काळा, उंच, कोरडा. वरून एका शेवाळलेल्या कपारीतून पाणी येत होतं: टप्. मग थोडं थांबून, टप्. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लेकीने पाहिलंच नाही. मी घसा खाकरला, पण आयुष्यात प्रथमच मला विषय सुचेना.

त्या शांततेत व्याही म्हणाले, "भाऊ, हाई तं ठिबक शे!"

आधी जावई हसला, मग बायको, मग सगळेच. व्याही स्वतःच दचकल्यासारखे दिसले. लेकीने पिशवीतून स्टीलचा पेला काढला आणि त्या धारेखाली, म्हणजे थेंबांखाली धरला. पेला भरायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात आम्ही बाकीच्यांनी दगडांवर बसून घेतलं. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप दोघंही एकदमच बसले. भरलेला पेला तिने आधी व्याह्यांपुढे केला.

"घ्या, आबा."

त्यांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत. खाली बघत म्हणाले, "पोरी, ती राहती तर आतापर्यंत तुले पन्नास गोष्टी विचारती. सगळं बठ्ठं तीच बोले. मी नुसता शेजारी बसू. माले हाई जमत नही."

माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. बायकोने कोपर मारलं.

लेक म्हणाली, "मग तुम्ही विचारा ना, आबा. पन्नास नको. एकच विचारा."

व्याही विचारात पडले. पाणी प्यायले, पेला हातात फिरवला. मला वाटलं, आता शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, काय निघतंय कोण जाणे.

"चहामा साखर कितली टाकस?"

"दोन चमचे. भरून."

"भरून?"

"शिगोशीग."

त्यांनी मुलाकडे बोट केलं. "हाऊ बिनसाखरेचा पितो. ती गई, आनि घरमा गोड चहा पिणारा मी एकलाच." मग पेला तिच्या हातात परत देत म्हणाले, "आते दोन जण."

लेक पेला घेऊन पुन्हा कड्याखाली जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. ते पाणी काही इतकं बघण्यासारखं नव्हतं.

उतरताना पिशवी व्याह्यांनी घेतली. मी "अहो, अहो" करेपर्यंत ते पुढे गेलेसुद्धा, लेकीच्या बरोबरीने. उरलेले एकोणपन्नास प्रश्न विचारत असावेत. कारली आवडतात का, एवढं मला ऐकू आलं. मी मागे राहिलो.

"आता तुम्ही का गप्प?" बायकोने विचारलं.

"दम लागलाय," मी म्हटलं. आता सांगायला हरकत नव्हती.