ताईंचा मुतरा पाहुणा

मला मांजर आवडत नाही आणि मुताचा वास तर मुळीच सोसत नाही. आमच्या मोठ्या नणंदबाईंनी ही दोन्ही एकदमच घरात आणली.

ताई वीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवतात. कपडा आला की आधी नाकाशी नेतात आणि घामट असेल तर गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवतात. अशा नाकाच्या बाईने लघवीचं दुखणं असलेला भटका बोका महिनाभर सांभाळायला घेतला. रस्त्यावरची जनावरं वाचवणाऱ्या मंडळींनीच तो दिला होता. ताई म्हणाल्या, "बरा झाला तर कोणीतरी कायमचा नेईल गं. नाहीतर पुन्हा रस्ता आहेच."

नाव ठेवलं शहाण्या. पायपुसणं, माझी चप्पल, एका वकिलाचा पांढरा शर्ट, शहाण्याने काही सोडलं नाही. थेंब थेंब, गुलाबीसर, आणि वास असा की जेवताना घास तोंडात फिरायचा. ताई गुडघे टेकून पुसायच्या आणि वर त्यालाच म्हणायच्या, "दुखतंय का रे राजा?" मला दोघांचीही शिसारी यायची.

त्याची पाण्याची वाटी भरणं माझ्याकडे होतं. मी डोकं चालवलं. पाणीच पोटात गेलं नाही तर बाहेर येईल कुठून? वाटीचा तळ ओला करायचा, ताईंना दिसण्यापुरता. कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं भांडंही मी फळीवर चढवलं.

चौथ्या दिवशी घर कोरडं. "बघ, शिकला," ताई म्हणाल्या. मीही खूश. संध्याकाळी शहाण्या पायपुसण्यावर बसून नुसताच कुंथत होता. थेंब येत नव्हता, पोट दगडासारखं लागत होतं. तसाच पिशवीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पितो का?"

"भरपूर. ही रोज न चुकता भरते," ताई कौतुकाने म्हणाल्या.

नळी घातली आणि ट्रे माझ्या हातात दिला. रक्ताळलेली लघवी माझ्या मनगटावर उडाली. मला किळस आली ती माझीच.

"ताई, मी त्याचं पाणी तोडलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. घरी आल्यावर ताईंनी वाटी स्वतः विसळली. मी भरायला पुढे झाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुला नको तो त्रास."