व्यंकटेश सरांची किल्ली

व्यंकटेश सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात, नव्या सर्व्हरवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवताना. मी वैरागहून नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. सगळं नीट सुरू झालेलं पाहून मी कौतुक केलं, तर सरांनी ते सगळं पुसून टाकलं आणि "आता तुमी बसवा," म्हणत खुर्ची मला दिली. आल्या पावली परत जावं असंच वाटलं होतं.

त्या एका सर्व्हरवर आज महाविद्यालयासोबत शहरातल्या काही शाळा, एक वाचनालय आणि एका रक्तपेढीची संकेतस्थळं नांदतात. सरांनी प्रत्येकाला जणू वेगळी खोली आणि वेगळं कुलूप दिलं. मला ती उगाचची कटकट वाटायची. पण ऐन निकालाच्या दिवशी एका शाळेच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि रक्तपेढीला धक्काही लागला नाही, तेव्हापासून मी त्या कुलपांना कटकट म्हटलं नाही.

माझे वडील आजारी पडले, तर मी दवाखान्यातूनही सर्व्हरची चौकशी करत होतो. सरांनी दटावलं, "हितलं मी बघतो की. वडिलांजवळ बसा." पुढे महिनाभर त्यांनी माझंही काम केलं आणि कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र कडक. काम सोडणाऱ्याची सर्व्हरमध्ये शिरण्याची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी सांकेतिक ओळख, त्याच दिवशी रद्द करायची. वापरात नसलेल्या किल्लीवर कुणाचं लक्ष राहत नाही, असं ते सांगायचे. गेल्या आठवड्यात साठी पूर्ण करून सर निवृत्त झाले आणि त्यांची किल्ली काढायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी सकाळपासून मला चैन पडत नव्हतं. चहा झाला, पंखा कमी-जास्त करून झाला, नको त्या फायली उघडून झाल्या. उद्या काही बिघडलं तर विचारायचं कुणाला, हा घोर जाईना. शेवटी म्हणालो, "सर, तुमची राहू द्या की. अडीअडचणीला."

"अडचण आली की तुमी मलाच बोलावणार," सर म्हणाले. "काढा."

काढली. सरांनी लगेच आपल्या लॅपटॉपवरून आत जायचा प्रयत्न केला. सर्व्हरनं नकार दिला. त्यांनी पुन्हा एकदा खात्री केली, लॅपटॉप मिटला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरलं नाही.

हे लिहितानाही जीव थाऱ्यावर नाही. मध्येच उठून सर्व्हर पाहून येतो. सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस माझ्या चुका निस्तरण्यात न जावो.