भेगेतले पाच रंग

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळी साडेदहा. आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सभा भरली. सोळापैकी अकरा सभासद हजर होते, शिवाय आमचा नेहमीचा रंगारी. मंजूर रक्कम अठरा हजार चारशे रुपये. विषय एकच होता: मेट्रोची माणसं इमारत बघायला येणार आहेत, त्याआधी जिना आणि पुढची भिंत रंगवून घ्यायची. ठराव मी मांडला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या ठरावातून निघालं.

आमची इमारत ठाणे स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर आहे. चार मजले, वय चाळीसच्या पुढे. समोरच्या रस्त्याखाली भुयारी स्थानक होणार होतं. कल्याण-डोंबिवलीहून आलेल्या माणसाने रेल्वेच्या फलाटावरून खाली उतरायचं, रस्ता न ओलांडता मेट्रोत बसायचं, अशी ती जागा. खोदायला सुरुवात करण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीचे फोटो काढतात. पुढे भेग पडलीच तर ती कामामुळे पडली की आधीची, ते ठरवता यावं म्हणून. आम्ही मात्र पाहुणे येणार एवढंच ऐकलं आणि भिंती रंगवल्या. पाहणीवाल्यांनी पोहे खाल्ले, मोतिया रंगाच्या कोऱ्या भिंतींचे फोटो काढले आणि अहवालात लिहिलं, ‘भेगा आढळल्या नाहीत.’ आम्ही खूश झालो.

मग काम सुरू झालं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल मोजून पास करतो. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात डोकं असतं. त्यामुळे कामाला जाण्याआधी पंधरा मिनिटं गॅलरीत उभं राहून ते काम बघणं हा माझा छंदच झाला. आधी चारी बाजूंनी जमिनीत खोल काँक्रीटच्या भिंती उतरवल्या. मग स्थानकाचं छत टाकलं, त्यावर रस्ता पुन्हा चालू केला आणि छताखालून खोदत खाली गेले. आपण घर पायापासून वर बांधतो. हे वरून खाली बांधत होते. मला ते फार आवडलं.

मे महिन्यात जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, भेग दिसली. मी गेज घालून मोजली. दोन पूर्णांक चार मिलिमीटर. भेग ओळखीची होती. दर काही वर्षांनी ती तिथेच उघडते आणि आम्ही ती रंगवून झाकतो. पण अहवालात तिथे भेग नव्हती. म्हणजे कागदावर ती नवी होती, खोदकामाने पडलेली होती आणि मर्यादेबाहेरची होती.

मेट्रोच्या माणसांनीही ती टिपली आणि आठवड्यात त्यांचं पत्र आलं. खोदकाम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अंदाजे दोन वर्षं, इमारत रिकामी करावी असा प्रस्ताव होता. राहायची पर्यायी सोय रेल्वेने तीन स्टेशनं पलीकडे, दिव्याला. हरकत असेल तर तीन आठवड्यांत पुराव्यासह कळवावी.

तळमजल्यावर आमच्या सगळ्यांच्या आत्या राहतात. सासरची माणसं मूळची इथलीच, पूर्वी मिठागरावर काम करणारी. आत्या घरातून चाळीस डबे देतात. दिव्याहून ते डबे कसे पोचणार, हा प्रश्न त्यांनी मला भर जिन्यात विचारला.

“रंगाची हौस कुणाला होती रे? तुलाच ना? आता चल दिव्याला. तिथे पण भिंती रंगव.”

“आत्या, मी काहीतरी करतो.”

“काहीतरी नको करू. मागच्या वेळी काहीतरीच केलेलंस.”

मी बारा दिवस भेग मोजली, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. दिवसभराच्या उन्हाने तिच्या रुंदीत थोडा फरक पडे, पण ती वाढत नव्हती. वही घेऊन मी मेट्रोच्या कामावरच्या इंजिनिअर मॅडमकडे गेलो. सव्वीस वर्षांची मुलगी, बुटांवर चिखल. तिने पानन् पान वाचलं.

“काका, आमच्या मोजणीतही इमारत खचलेली नाही. मलाही शंका आहे. पण तुमची वही आजची आहे. भेग खोदण्याआधीची आहे हे दाखवा. जुना फोटो वगैरे?”

फोटो भरपूर होते. बारशी, साखरपुडे, वरात. सगळे रंग दिल्यानंतरचे! आम्ही कार्य निघालं की आधी जिना रंगवायचो आणि मग फोटो काढायचो. बायको म्हणाली, “एकदा तरी घाणेरड्या जिन्यात लग्न करायला हवं होतं कुणीतरी.”

पाच दिवस उरले असताना रंगारी आला. मी त्याचे दोन हजार रुपये राखून ठेवले होते. रंग वर्षभरात पोपडे धरतो की नाही ते बघितल्याशिवाय मी शेवटचा हप्ता देत नाही. तो पैसे मागायला आला आणि भेगेसमोर थांबला.

“ही परत उघडली वाटतं. हिला मी पाच वेळा बुजवलीय, साहेब.”

“ते मला माहीत आहे. पण सिद्ध कसं करू?”

“आत बघा की. मी नुसती पुट्टी भरत नाही. त्या वर्षीचाच रंग पातळ करून आधी भेगेत खोल मारतो. मग पुट्टी धरते.”

“म्हणजे पाचही रंग आत आहेत?”

“जाणार कुठे?”

मी चपला न घालताच मॅडमकडे गेलेलो, हे बायकोने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भेगेवर तीन ठिकाणी यंत्राने वाटीएवढे गोल तुकडे कापून काढले. जिन्यावर सगळी सोसायटी उभी. मॅडमने पहिला तुकडा हातात घेतला आणि तो भेगेवर अलगद दुभंगला. आतल्या बाजूवर थर होते, पातळ पण स्वच्छ. मी सोसायटीची बिलांची फाइल उघडली.

“सगळ्यात वर मोतिया,” त्या म्हणाल्या.

“मागचा दसरा.”

“त्याखाली पिस्ता.”

“सहा वर्षांपूर्वी. बिल आहे.”

“गुलाबी.”

“अकरा वर्षं.”

“माझ्या पोरीचं लग्न!” आत्या खालून ओरडल्या. “तेव्हा हाच म्हणालेला, गुलाबी नको, मळेल.”

“आकाशी,” मॅडम हसत म्हणाल्या, “आणि तळाला पिवळा.”

“सतरा वर्षं. आणि पिवळा चोवीस.”

त्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. “म्हणजे ही भेग माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.”

उरलेल्या दोन तुकड्यांतही तेच पाच रंग त्याच क्रमाने निघाले. रंगारी कठड्याला टेकून उभा होता. इतक्या वर्षांत त्याचं काम इतक्या जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

नऊ दिवसांनी प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र आलं. एकही घर हललं नाही, एकही डबा चुकला नाही. भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकणार. खोदकाम तळाला पोचलं त्या दिवशी मी तिन्ही पट्ट्या पाहिल्या. अखंड.

त्यानंतर मॅडमनी आम्हा काही जणांना हेल्मेट घालून खाली नेलं. एकशे सदतीस पायऱ्या मी मोजल्या. वर छत, त्यावर रस्ता, त्यावर रिक्षांचे हॉर्न, आणि खाली फलाटाची जागा आमच्या कारखान्याच्या शेडपेक्षा मोठी. आत्यांनी मान वर करून विचारलं, “आपली इमारत कुठे?” मॅडमनी काँक्रीटच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “या भिंतीच्या पलीकडे, वर.” आत्यांनी भिंतीवर थाप मारली, घरातला डबा बंद झाला का बघावं तशी. “घट्ट आहे,” त्या म्हणाल्या.

तीन भोकं बुजवायला रंगाऱ्यालाच बोलावलं. त्याने विचारलं, वरून रंग कुठला? सभेत ठरलं, तेवढी जागा बिनरंगाची ठेवायची. राखून ठेवलेले दोन हजार आणि भोकं बुजवण्याचे सहाशे पन्नास, असे दोन हजार सहाशे पन्नास रुपये रंगाऱ्याला रोख दिले. पावती फाइलमध्ये आहे, मोतिया रंगाच्या बिलामागे.