चौदा गडी, दोन कोच

गोदासिंध सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मल्लिकार्जुन हालगे सव्वीस वर्षं कामगारांची हजेरी घेत होते, पण माजलगावच्या पंचक्रोशीत त्यांना टाइमकीपर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी ते आप्पा, कारखान्याच्या क्रिकेट संघाचे कोच. पगार हजेरीचा, जीव मैदानात. तरुणपणी ते जिल्ह्याकडून विकेटकीपर म्हणून खेळले होते. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. एकोणीस वर्षं त्यांनी हा संघ सांभाळला, आणि तेवढ्या काळात एकच गडी त्यांना असा मिळाला, की ज्याला बघून ते मनाशी म्हणाले, हा पुढं जाईल.

तो धर्मराज. गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा, चोवीस वर्षांचा, कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. उंच आणि काटक. त्याचा फास्ट बॉल सरळ येतोय असं वाटेपर्यंत बाहेर निघून जायचा. फक्त टाकताना पुढचा पाय आडवा पडे आणि कमरेला पीळ बसे. तो पाय सरळ करण्यात आप्पांची तीन वर्षं गेली. मे महिन्यात बीडला जिल्हा संघाची निवड होती, लेदर बॉलच्या दोन-दोन दिवसांच्या सामन्यांसाठी. आप्पा त्या तारखेकडं डोळे लावून बसले होते.

पण ते दोन हजार सोळा साल होतं. धरण तळाला गेलेलं, ऊस उभ्यानं वाळून चाऱ्याला गेलेला, आणि कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. कामगार यायचे, हजेरी लावायचे आणि लिंबाखाली बसून राहायचे. आप्पांची काळ्या मातीची विकेट मात्र आठवड्यातून दोनदा पाणी मागायची. जानेवारीपर्यंत ते कॉलनीच्या टाकीतून पाइपनं पाणी सोडत होते. एका दुपारी त्यांच्या बायको नीलाबाई टँकरच्या रांगेत तीन तास उभ्या राहून परत येत होत्या. कडेवर अर्धी घागर. मैदानात पाइप चालू दिसला तशा त्या तिथंच थांबल्या.

"तिकडं बाया घागरीसाठी भांडायल्यात, अन् तुमी मातीला पाणी पाजायलात?"

आप्पांनी कॉक बंद केला, तो परत उघडला नाही. फेब्रुवारीत विकेटला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. नीलाबाईंचं बरोबर होतं. संताप आला तो पुढं जे झालं त्याचा.

चेअरमन सुंदररावांना निराळीच काळजी होती. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर, कारखाना बंद, सभासद चिडलेले. त्यांनी वीस ओव्हरची मोठी स्पर्धा भरवायचं ठरवलं. सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरायची, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नको. त्याच दिवसांत वीस ओव्हरचा वर्ल्ड कप आपल्या देशात चालू होता, आणि देशाच्या संघाला कसोटीसाठी एक कोच आणि वीस ओव्हरसाठी दुसरा असावा का, यावर जो तो तावातावानं बोलत होता. सुंदररावांच्याही ते कानावर पडलं आणि मनात बसलं.

त्यांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावलं.

"आप्पा, लेदरचे दोन दिवसांचे सामने तुमी बघा. वीस ओव्हरला आपण पुण्याहून बिभीषणला बोलावलंय. आपल्याच धारूरचा हाय. तिकडं शिकवतोय पोरान्ला."

"साहेब, दोन कोच कावून?"

"अवो, इंडियाच्या टीमबद्दल हेच बोलायलेत सगळे. आपण मागं कावून राहायचं?"

"देशाकडं गडी किती हायत?" आप्पांचा आवाज चढला. "कसोटीला निराळे, वीस ओव्हरला निराळे. वर डॉक्टर, मालिशवाला, कोण किती बॉल टाकतंय ते बघायला माणूस. त्यांनी दोन ठेवले तरी भागंल. आपले चौदा गडी हायत साहेब. तेच इकडं अन् तेच तिकडं. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं व्हईल."

"वीस ओव्हरच्या चार फायनली हारलात तुमी," सुंदरराव शांतपणे म्हणाले.

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. वीस ओव्हरच्या खेळात आप्पांचं मन कधी रमलंच नाही. दहाव्या ओव्हरपर्यंत विकेट सांभाळा, एवढंच ते सांगत राहिले आणि समोरचे संघ पुढं निघून गेले. त्यांनी आवाज खाली आणला.

"मग त्याला माझ्या हाताखाली द्या. न्हाईतर मला त्याच्या हाताखाली द्या, माझी तयारी हाय. पण वरती माणूस एकच पायजे."

"हाताखाली-बिताखाली काही नको. दोघं बी कोच. उगं भांडणं नकोत."

सहकारातला हा जुना इलाज. दोन माणसांत वाद होईल असं वाटलं, की दोघांनाही खुर्ची द्यायची.

बिभीषण आला. बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड. आल्या आल्या पाया पडला. त्याचा राग करायचा असं आप्पा ठरवून बसले होते, तेही जमेना. पोरगा जाणकार होता. स्टंपाजवळ बूट ठेवून धर्मराजकडून त्यावर यॉर्कर टाकून घ्यायचा. तारेच्या कुंपणापाशी उभं राहून आप्पांनी एका संध्याकाळी पाहिलं, सहातले चार बॉल बुटावर पडले. एकोणीस वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही? बरं वाटलं, आणि जळफळाटही झाला. ते तसेच घरी गेले.

सकाळी सहा ते आठ आप्पा, संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत बिभीषण. आप्पांची विकेट फाटलेली, म्हणून सकाळचा सरावही मॅटवरच. संध्याकाळी तू किती बॉल टाकून घेतोस, हे आप्पांनी बिभीषणला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण दुय्यम ठरलो असतो, असं त्यांना वाटायचं. बिभीषणनं विचारलं नाही, कारण वयानं मोठ्या माणसाच्या कामात नाक खुपसायचं कसं? आणि धर्मराज दोघांपैकी कुणालाच नाही म्हणू शकत नव्हता. एकानं घडवलं होतं, दुसरा नवं शिकवत होता.

मार्चअखेर आप्पांना तो वजनकाट्यावर दिसला. स्टुलावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता.

"काय बे, कंबर दुखती का?"

"न्हाई आप्पा. गादी बदललीय, म्हणून जरा आखडल्यासारखं झालंय."

आप्पांनी ते खरं मानलं. निवड पाच आठवड्यांवर होती. खरं मानणं सोयीचं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्पर्धेची सेमीफायनल. मैदानाभोवती दोन हजार माणूस, मंडपात सुंदरराव. तिसऱ्या ओव्हरचा चौथा बॉल टाकायला धर्मराज धावत आला आणि क्रीजपाशी थांबला. बॉल हातातच. अंपायरला वाटलं रनअप चुकला. धर्मराजनं एक हात कमरेवर ठेवला, मग दुसरा, आणि म्हातारं माणूस बसतं तसा हळूहळू खाली बसला. बिभीषण एका बाजूनं पळत आला, आप्पा दुसऱ्या बाजूनं.

दोघांनीच त्याला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. कमरेच्या मणक्याला चीर गेली होती.

"रोज किती बॉल टाकतो हा?"

"पन्नास," आप्पा म्हणाले.

"ऐंशी," बिभीषण त्याच वेळी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे एकशेतीस. रोज. खाली काय असतं?"

"सिमेंटवर मॅट," बिभीषण पुटपुटला.

"सहा महिने बॉल हातात घ्यायचा नाही. पुढं पूर्वीसारखा टाकेल की नाही, आज सांगता येणार नाही."

पाहुणा उपाशी राहील असं आप्पा म्हणाले होते. हा तर दोन्ही घरी पोटाला तडस लागेपर्यंत जेवत होता, आणि वाढणाऱ्यांना एकमेकांचं ताट दिसत नव्हतं.

चार दिवसांनी केबिनमध्ये बैठक झाली. चूक कुणाची, असं सुंदररावांनी विचारलं.

"निम्मी माझी," आप्पा म्हणाले.

"निम्मी माझी, साहेब," बिभीषण म्हणाला.

सुंदररावांना हायसं वाटलेलं दिसलं. निम्मी निम्मी म्हणजे कुणाचीच नाही. "मग असं करू," ते म्हणाले, "दोघांवर एक समन्वयक नेमू. आपले संचालक तात्याबा, त्यांचे जावई भारतराव हायत. होतकरू माणूस."

भारतरावांचं मोटारपंपाचं दुकान होतं. बॅट त्यांनी दसऱ्याला पूजेपुरतीही हातात धरली नसेल.

"वरती माणूस एकच पायजे म्हणलतो मी!" आप्पा उठून उभे राहिले. "पण खेळ कळणारा माणूस, साहेब! भारतरावांना काय कळतंय त्या पोराच्या कमरेचं? तुमाला कोच न्हाई पायजे, तुमाला खुर्च्या वाटायच्यात. वाटा. माझी मोकळी झाली."

ते बाहेर पडले. कुणी थांबवलं नाही.

बिभीषणही त्याच आठवड्यात पुण्याला निघाला. स्टँडवर आप्पा त्याला सोडायला गेले, का गेले ते त्यांनाच सांगता आलं नसतं. गाडीत चढताना तो म्हणाला, "सर, सकाळचे बॉल किती, ते पहिल्याच दिवशी मला बोलावून सांगायचं होतं."

"तू विचारायचं होतंस," आप्पा म्हणाले. दोघांचंही खरं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

मे महिन्यात, ज्या दिवशी बीडला निवड होती, त्या दिवशी आप्पा एसटीनं गेवराईला आणि तिथून उमापूरला गेले. धर्मराज घोंगडीवर उताणा पडलेला. त्याच्या आई तुळजाबाईंनी गूळपाण्यानं स्वागत केलं. पाणी पेलाभरच होतं. आप्पांनी हात जोडले, म्हणाले, "बाई, माझी चूक झाली."

तुळजाबाईंनी ते कानाआड केलं. "सर, बॉलचं जाऊ द्या. त्याला वाकता येईल का? काट्यावरचं काम तरी ठेवतील का?"

पहिल्या प्रश्नाला आप्पांनी हो म्हटलं. दुसऱ्यासाठी, मी साहेबांना अर्ज करतो, म्हणाले.

मग त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली. धर्मराजला बसून करायचं काम द्यावं, म्हणून. पहिला अर्ज गहाळ झाला. दुसरा पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले, आणि ती बैठक निवडणुकीमुळं झालीच नाही. तिसऱ्या वेळी आप्पा कागद घेऊन स्वतः केबिनच्या दारात बसून राहिले, दोन दिवस. तेव्हा सही झाली. दिवाळीनंतर धर्मराज टाइम ऑफिसात आला, आप्पांच्या शेजारच्या टेबलावर. तोवर तो चालायला लागला होता, पण पळताना कंबर धरायचा. लेदर बॉल त्यानं परत टाकला नाही. कारखान्याचा संघ भारतरावांच्या हाताखाली दोन सामने खेळला आणि विरून गेला.

शेजारी बसून आठ-आठ तास जायचे, पण क्रिकेटचा शब्द निघत नसे. जानेवारीत एका दुपारी धर्मराजनंच विचारलं, "आप्पा, माझ्याजागी तुमी असता, तर दोघातल्या कुणाला न्हाई म्हणला असता?"

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुज्यावर न्हाई म्हणायची पाळी यायला नको होती," ते म्हणाले. "तेवढं आमी बघायचं होतं."

धर्मराजला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्यानं दुसऱ्या शिफ्टची हजेरीची कार्डं लावायला घेतली.