सुगंधाकाकूच्या मुठी

दुपारचं जेवण झालं आहे, पंखा फिरतो आहे आणि कालिंदी मगदूम हातात फोन घेऊन पलंगावर आडवी झाली आहे. एक काम उरकायचं आहे, आणि ते इतकं ओशाळवाणं आहे की डोळे आपण होऊन मिटायला लागलेत.

तिनं कृषी महाविद्यालयात स्वयंसेवक माळ्याचं प्रशिक्षण घेतलं, कॉलनीच्या मोकळ्या जागेत दुधीचा मांडव उभा केला आणि आता ती तिथं बायकांना शिकवते. सगळं छान चाललं होतं. आज सकाळी कॉलनीतल्या चौगुलेवहिनींचा फोन आला. मागच्या गल्लीतली तेजश्री शिकायला येणार म्हणतेय, तिला काहीतरी सांगून थोपवा. "लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून कूस उजवली नाही. तिनं कोवळ्या दुधीला बोट दाखवलं तर सगळा मांडव सडायचा. मी नाही हो मानत, पण बाकीच्या बायका मानतात." या बाकीच्या बायका मोठ्या सोयीच्या असतात. त्या आजवर कुणाला भेटलेल्या नाहीत.

तरीही कालिंदी वाकली. ती कॉलनीच्या ग्रुपवर सांगणार आहे, की सध्या जागा भरल्या, नव्या कुणी असतील तर पुढच्या महिन्यात या. नवी एकटी तेजश्रीच आहे. टाइप करायचं जिवावर येतं, म्हणून ती बोलून निरोप धाडायचं बटण अंगठ्यानं दाबून धरते. पहिला शब्द सापडत नाही आणि पापण्या जड होतात.

मांडवाखाली सुगंधाकाकू उभी आहे. कालिंदीची चुलती. तिला जाऊन किती वर्षं झाली, पण पदर तसाच कमरेला खोचलेला आहे आणि दोन्ही मुठी घट्ट वळलेल्या. काकूला मूल नव्हतं. परसातला दुधी सडला की घरात तिचं नाव निघायचं, म्हणून वेलाजवळून जाताना ती बोटं अशी मिटून घ्यायची.

"काकू, मुठी सोड. इथं कुणी काही म्हणत नाही."

"म्हणत न्हाईत? मग सकाळी फोन कुणाचा हुता?"

कालिंदीला उत्तर द्यावं लागत नाही, कारण मांडवाचा आता प्रशिक्षणाचा वर्ग झाला आहे. फळ्यावर दुधीचं फूल काढलेलं आहे आणि काकू पहिल्या बाकावर बसली आहे. कालिंदी खडू उचलते. हे तिला कधीपासून सांगायचं होतं.

"हे मादी फूल, याच्या मागं इवला दुधी असतो. संध्याकाळी फुलं उमलली की किडे नर फुलाचे पराग इथं आणून टाकतात. ते आले नाहीत, तर दुधी पिवळा पडून गळतो. तुझ्या बोटाचा काही संबंध नव्हता, काकू. तुझा काही दोष नव्हता."

तिला वाटतं, काकूच्या डोळ्यांत पाणी येईल. काकूचा चेहरा तव्यासारखा तापतो.

"आणि संबंध असता तर?"

"म्हणजे?"

"माझ्या बोटानं खरंच सडला असता दुधी, तर मला हाकलत हुते ते बरोबर व्हय?"

वर्गाच्या दारापलीकडे बारसं चाललं आहे. पाळणा सजला आहे, भोवती बायका दाटल्या आहेत. काकू घुगऱ्यांची परात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी आहे.

"घुगऱ्या मी शिजवल्या," काकू म्हणते. "पाळण्याला हात लावू दिला न्हाई. दोन दुधी गेले असते तर गेले असते. दुधीपायी माणूस बाहेर ठेवलं. आणि तू कालेजात जाऊन शिकून आलीस, तवा कुठं मला सोडवायलीस. मी काय कोरटात उभी हुते?"

कालिंदीला लाज वाटते, आणि मग संताप येतो. घरातल्या मोठ्यांचा, चौगुलेवहिनींचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या गोड बोलण्याचा. पाळण्याभोवतीच्या एकूणएक बाईला चौगुलेवहिनींचा चेहरा आहे.

"ऐका सगळ्याजणी," कालिंदी ओरडते. "दुधी सडला तर सडू दे. सगळा मांडव बसू दे. पण मूल नाही म्हणून बाईला दाराबाहेर उभी करणार असाल, तर मला तुमची बाग नको. आणि चौगुलेवहिनी, बाकीच्या बायकांचं नाव पुढं करू नका. तुम्ही मानता."

काकू परात खाली ठेवते आणि आत पाऊल टाकते.

पंख्याचा आवाज येतो. फोन कालिंदीच्या छातीवर पडला आहे. अंगठा सुटला की निरोप जातो, आणि तो गेलेला आहे, ग्रुपवर, तिच्या नावानं. ती घाबरून फोन कानाला लावते. पुष्कळ वेळ नुसता पंखा आणि तिचं स्वतःचं घोरणं. मग बरळणं, दुधी, पराग, आणि शेवटी अगदी स्पष्ट: "मूल नाही म्हणून बाईला दाराबाहेर उभी करणार असाल, तर मला तुमची बाग नको. तुम्ही मानता."

बहुतेकींनी ऐकला आहे. चौगुलेवहिनी काहीतरी लिहितायत, थांबतायत, पुन्हा लिहितायत. निरोप अजून पुसून टाकता येईल. झोपेत होते, म्हणता येईल. लोक हसतील आणि विसरतील.

तेवढ्यात तेजश्रीचा निरोप येतो, तिथंच, सगळ्यांच्या देखत.

"ताई, तुम्ही झोपेत बोललात का? जागेपणी पण असंच म्हणाल?"

कालिंदी उठून बसते. तोंडावर पाणी मारून येते. मग बटण दाबून धरते आणि सगळं पहिल्यापासून म्हणते, चौगुलेवहिनींचं नाव घेऊन.